तुम्ही विचारलंत म्हणून: भूल, ताकद आणि ती आज्जी

"भुलीचं इंजेक्शन दिलं की माणसाची प्रतिकारशक्ती जाती म्हणं, खरं काय मॅडम?"

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, ऑपरेशन थिएटरच्या दारात. बावीस वर्षं भूल देतेय, बावीस वर्षं हाच प्रश्न. पूर्वी "छे हो" म्हणून सुटायचे. ते खरं नव्हतं.

थोडी दबते. प्रोपोफॉल, मिडाझोलाम ही गुंगीची औषधं टाकली की प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतूंकडे पहिल्यासारख्या धावत नाहीत. पण माणूस म्हणजे काचेची बशी नव्हे. वेदनेनं, भीतीनं कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलीन ही ताणाची संप्रेरकं उसळतात, तीही याच पेशींना दाबतात. मग दोष सुरीचा, भीतीचा की माझ्या सिरिंजचा? एवढं सांगेपर्यंत विचारणाऱ्याचा पेला रिकामा झालेला असतो.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. रात्रीचे दोन. शिरोळकडची आज्जी, आतडं फुटलेलं, वरचं बीपी सत्तर. नातू म्हणाला, "झोपवा, पण परत उठवा तेवढी." मी एटोमिडेट हे भुलीचं औषध काढलं, कारण ते बीपी फारसं पाडत नाही. पाडलं नाहीच. सर्जननं मान डोलावली, मीही मनात खूश.

सकाळी नॉरॲड्रिनलीन, म्हणजे बीपी टिकवून धरणारं औषध, कमी करता येईना. एटोमिडेट मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतलं एक एन्झाइम अडवतं, कॉर्टिसॉल बनणं खुंटतं. एका डोसनंही पुढचे कित्येक तास. आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीर कोलमडतं तेव्हा, नेमकं कॉर्टिसॉलच शरीराला हवं असतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आयसीयूत एटोमिडेटची सलग ड्रिप चाललेले रुग्ण जास्त दगावतात, हा इशारा ब्रिटनमधून 1983 सालीच आलेला. 'ती ड्रिप होती, माझा एकच डोस,' मी स्वतःला बजावलं. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे बाहेरून दिलेलं कॉर्टिसॉलच, दुपारी सुरू केलं. सकाळीच का नाही? फोन करून एटोमिडेट दिल्याचं आयसीयूला सांगायला मला दुपार उजाडली, म्हणून.

तिसऱ्या दिवशी आज्जी गेली.

"भुलीनं झालं काय?" नातवानं विचारलं. "नाही, पोटातल्या विषानं," मी म्हणाले. कदाचित ते खरंही असेल. प्रोपोफॉलनं बीपी कोसळून ती टेबलावरच गेली असती. पण केटामीन? भुलीचं तेही औषध बीपी फारसं पाडत नाही, आणि ते त्याच ट्रॉलीत होतं. त्या रात्रीची मी म्हणते, बीपी सांभाळणं हेच काम होतं. आजची मी म्हणते, काम सकाळपर्यंतचं होतं. सेप्सिसमध्ये एका डोसनं मृत्यू वाढतात का, यावर भूलतज्ज्ञ अजून भांडतात. मीही भांडते, कधी या बाजूनं, कधी त्या.

एटोमिडेट अजून वापरते, हृदय अगदी कमजोर असलेल्यांना. फक्त केसपेपरवर नाव आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहिते.

परवा तो नातू कट्ट्यावर भेटला. "घ्या की मॅडम," म्हणत फेसाळ दुधाचा पेला पुढे केला. प्रश्न काही विचारला नाही त्यानं. मी उभ्या उभ्या पेला संपवला आणि निघाले.