लाल पोशाखातल्या मुलाचा बाप

लंडनच्या नॅशनल गॅलरीत थॉमस लॉरेन्सने १८२५ मध्ये रंगवलेले एक चित्र आहे. लाल मखमली पोशाखातला एक लहान मुलगा डोक्याला हात टेकवून खडकावर बसला आहे आणि आपल्याच तंद्रीत आहे. ‘द रेड बॉय’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र १९६७ मध्ये ब्रिटिश टपाल तिकिटावरही छापले गेले. मुलाचे नाव चार्ल्स लॅम्बटन. तो १८३१ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, क्षयाने गेला. गेले काही दिवस मी वाचतो आहे ते त्याच्या बापाविषयी, म्हणजे जॉन जॉर्ज लॅम्बटन ऊर्फ लॉर्ड डरहॅमविषयी.

कोळशाच्या खाणींमुळे गडगंज असलेल्या या घरात क्षय जणू वारसाहक्काने आला होता. डरहॅम पाच वर्षांचा असताना त्याचे वडील क्षयानेच वारले. पहिली पत्नी हॅरिएट १८१५ मध्ये गेली, आणि तिच्या तिन्ही मुलीही १८३५ संपेपर्यंत एकामागून एक गेल्या. याच काळात हा गृहस्थ आपले सासरे, म्हणजे दुसऱ्या पत्नीचे वडील, पंतप्रधान लॉर्ड ग्रे यांच्या मंत्रिमंडळात मतदान सुधारणेच्या विधेयकासाठी सहकाऱ्यांशी भांडत होता. तो मुळातच तापट होता, त्यामुळे त्याच्या प्रत्येक संतापाचे खापर दुःखावर फोडणे मला पटत नाही. पण ज्या घरात इतक्या शवपेट्या निघाल्या, तिथल्या माणसाकडे संयम शिल्लक राहिला नसेल तर त्यात नवल ते काय?

कॅनडात १८३७ मध्ये बंड झाल्यावर त्याला गव्हर्नर जनरल म्हणून पाठवले गेले आणि मे १८३८ मध्ये तो क्वेबेकला उतरला. फाशी टाळावी या हेतूने त्याने आठ बंडखोरांना खटला न चालवताच बर्म्युडाला हद्दपार केले. हेतू दयेचाच होता, परंतु बर्म्युडावर त्याचा काडीचाही अधिकार नव्हता. लंडनने हुकूम रद्द ठरवला, त्याने राजीनामा दिला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तो परतीच्या जहाजावर चढला. अवघ्या पाच महिन्यांचा हा कारभार.

मात्र १८३९ च्या त्याच्या अहवालाने वसाहतीतले सरकार तिथल्याच विधिमंडळाला जबाबदार असावे, असे स्पष्ट सांगितले. त्याच अहवालात फ्रेंच भाषकांना इतिहास आणि वाङ्मय नसलेले लोक म्हटले आहे, आणि त्यांनी इंग्रजांत विरघळून जावे अशी अपेक्षा धरली आहे. हिंदुस्थानी वाङ्मयाला हिणवणारे मेकॉलेचे १८३५ चे टिपण ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. डरहॅमच्या दुःखाविषयी मला सहानुभूती वाटते. या वाक्याविषयी मुळीच वाटत नाही.

डरहॅम १८४० मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याची मुलगी मेरी हिने १८४६ मध्ये लॉर्ड एल्गिनशी लग्न केले. जमैकाचा गव्हर्नर असतानाच त्याची पहिली पत्नी वारली होती, म्हणजे तोही पोळलेलाच. पुढे कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाल्यावर सासऱ्याची शिफारस त्यानेच अमलात आणली. १८४९ मध्ये मनाविरुद्ध का होईना, पण बंडातल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या, विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकावर त्याने सही केली, तेव्हा चिडलेल्या जमावाने माँट्रियलची संसदच जाळली. हाच एल्गिन हिंदुस्थानचा व्हाइसरॉय म्हणून आला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये धर्मशाळेत वारला. तिथल्या देवदारांतल्या सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. चार्ल्सची सख्खी बहीण असलेली मेरी त्यानंतर आणखी ३४ वर्षे जगली.