लाल सोलवर रबर

धाकटी बहीण पॅरिसहून आली तेव्हा बॅगेतून एक खोकं काढून म्हणाली, "ताई, मला हे चावतात. तुला होतात का बघ." काळे, टोकदार, दहा सेंटिमीटर टाचेचे बूट, लुबुटाँ या महागड्या फ्रेंच ब्रँडचे. आईने किंमत विचारली. सातशे युरोच्या वर, म्हटल्यावर तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "एवढ्यात दुभती म्हैस आली असती."

या बुटांची सगळी मिजास खालच्या लाल तळव्यात. ख्रिश्चन लुबुटाँने 1990च्या दशकात सहायक मुलीच्या हातातलं नेलपॉलिश घेऊन बुटाच्या तळव्याला फासलं, तिथून ही लाल खूण सुरू झाली, असं सांगतात. पण तो लाल म्हणजे चामड्यावरचा रंगच. जमिनीला घासला की जाणार. शिवाय चामड्याचा नवा तळवा इतका गुळगुळीत, की पहिल्याच दिवशी मंगल कार्यालयाच्या ग्रॅनाइटच्या पायरीवर मी घसरले. वहिनीने दंड धरला म्हणून वाचले. त्याच रात्री ठरवलं, खाली रबर लावून घ्यायचं.

चूक माझी, की घाई केली. चार दिवसांवर अमळनेरला लग्न होतं. जळगावात बाजारातल्या एका दुकानात जोड दिला आणि "लाल रबर लावा" एवढंच सांगून आले. संध्याकाळी मिळालं ते काळं, चांगलं चार मिलिमीटर जाडीचं, टायरसारख्या नक्षीचं रबर. "लाल संपलं होतं, मॅडम." ऐंशी रुपये देऊन घरी आले. घालून उभी राहिले तर तोल मागे जातोय. चवड्याखाली जाडी वाढली, टाच तेवढीच राहिली, त्यामुळे टाचेची टिप पूर्ण टेकेचना, नुसती मागची कड टेकायची. हे मला आधी सुचायला हवं होतं. बुटाचा पुढचा भाग आणि टाच यांचं गणित कारखान्यातच बसवलेलं असतं.

तसेच घालून लग्नाला गेले. मे महिना, पारा 44 च्या वर. लॉनवर टाचा मातीत रुतत होत्या ते वेगळंच. (खान्देशात लग्नं लॉनवर आणि बायका पेन्सिल हीलवर, हे कोडं मला सुटलेलं नाही.) पंगतीला भरीत-पुरी वाढायला घेतली आणि उजव्या बुटाचं रबर टोकाकडून सुटलं. जीभ बाहेर काढल्यासारखं लोंबत होतं. चिकटवायचं सोल्युशन ओलं असतानाच रबर लावलं होतं, आणि खाली रंग तसाच चकचकीत. धरणार कशाला?

मग मावशीने स्टेशनच्या बाजूला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मोचीबाबांचं नाव काढलं. या वेळी ऑनलाइन एक मिलिमीटरचं लाल रबर आधी मागवलं, आणि ते घेऊनच गेले. बाबांनी बूट उलटा करून पाहिला, टाच दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "इतला उच्चा जोडा कसाले घालतस वो ताई?" मी हसले. ते हसले नाहीत.

जुनं रबर त्यांनी हेअर ड्रायरसारख्या यंत्राची गरम हवा देत हळूहळू सोलून काढलं. त्याबरोबर लाल रंगाचे पापुद्रे निघून आले. माझ्या पोटात गोळा. "तो भाग झाकलाच जाईन," ते म्हणाले. चवड्यापासून कमानीच्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीची रेघ मारली आणि पॉलिश पेपरने रेघेच्या अलीकडचाच भाग खरखरीत केला. रेघेपलीकडच्या लालला हात लावला नाही. रबरची मागची कड रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तिरपी छाटून इतकी पातळ केली, की बोट फिरवलं तरी पायरी लागेना.

मग दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात. आणि थांबणं. मी दोनदा विचारलं, झालं का? "बोटले चिटकाले नको," एवढंच. दहा-बारा मिनिटांनी बोटाचं टोक लावून पाहिलं, दोरा निघाला नाही, तेव्हा टोकाकडून सुरुवात करून रबर बसवलं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून श्वास रोखून. बुटाचं टोक तीन पायांच्या लोखंडी ठोकळ्याच्या लहान पायावर चढवून हातोडीने मधून कडेकडे बारीक ठोके दिले. टाचेला मुद्दाम ठोका दिला नाही, गुडघ्यात कापड घेऊन ती सांभाळली. उरलेलं रबर रापीने कापलं, कानसने घासलं. टाचांच्या टिपाही बदलल्या. सगळे मिळून अडीचशे रुपये.

"उद्यालोक (उद्यापर्यंत) घालू नका. उन्हातही ठेवू नका." या दुसऱ्या सूचनेची गंमत मला नंतर कळली. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला जोड उन्हाने तापतो आणि सोल्युशन परत मऊ पडतं. आता बूट डिकीत ठेवत नाही.

रंग तंतोतंत जुळला नाही. मूळचा लाल झगझगीत, रबरचा किंचित विटकरी. जवळून पाहिलं तर कमानीपाशी रेघ दिसते. बहिणीला फोटो पाठवला, तिने दोन मिनिटांनी विचारलं, "कुठे जोडलंय?" म्हणजे लांबून चालतंय. आणि ग्रॅनाइटवर मी आता रेलिंग धरत नाही.

गेल्या दिवाळीत टिपा परत झिजल्या तेव्हा बाबांकडे गेले. काढलेलं ते जाड काळं रबर त्यांनी फेकलं नव्हतं. कापून एका शाळकरी पोराच्या बुटाला टाच म्हणून लावत होते.