खंडेनवमीची चकाकी आणि रंगाची जाडी

दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेऊन तिला बफ मारून, म्हणजे यंत्राने पॉलिश घासून आणायची, हा आमच्या घरचा आठ वर्षांचा शिरस्ता होता. झेंडूचा हार चढण्यापूर्वी बॉनेटमध्ये आपला चेहरा दिसला पाहिजे, एवढीच त्यामागची अपेक्षा असे. गेल्या वर्षी एका जाणत्या पेंटरने रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आमच्या गाडीवर टेकवले, तेव्हा छतावर 114 मायक्रॉन आणि बॉनेटवर 91 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असे आकडे आले. छतापर्यंत हात पोचवण्याचा कंटाळा गॅरेजमधल्या मुलांनी वर्षानुवर्षे केला, म्हणून तेवढा भाग वाचला होता.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही कमी. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला जपण्याचे काम हाच थर करतो. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक घर्षककण असतात. ते ओरखड्याच्या कडा घासून पृष्ठभाग सपाट करतात, प्रकाश एकसारखा परावर्तित होतो आणि आपल्याला चकाकी दिसते. याचा अर्थ असा की, पॉलिश गाडीवर काही चढवीत नाही, ते गाडीवरचे काही काढून घेते. चढवण्याचे काम वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंगचे आहे. आम्ही आठ वर्षे चकाकीसाठी जे करवून घेत होतो, ते प्रत्यक्षात संरक्षणाचा थर झिजवणे होते. त्यातही दर वेळी रबिंग कंपाउंड, म्हणजे भरड कणांचे पॉलिश वापरले जात होते, हे मला पुढे कळले. काम करणाऱ्याने ते सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणून बाटली निवडण्याआधी रंग वाचावा. गाडी धुऊन सावलीत वाळवावी आणि मग कडक उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसल्या, तर बारीक पॉलिश पुरते. ओरखड्यात नख अडकत असेल, तर कोणत्याही पॉलिशने तो जाणार नाही आणि हट्ट केल्यास क्लिअर कोटच जाईल. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीवर पॉलिश घासले, की फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. तिथे हात आणखी हलका ठेवावा लागतो. नुकत्याच रंगवलेल्या भागावर किमान महिनाभर वॅक्स किंवा सीलंट लावू नये, कारण ताज्या रंगातील द्रावके अजून बाहेर पडत असतात.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक तपासणी आवश्यक आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी जाणाऱ्यांनी धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून फिरवून पाहावी. खरखर जाणवली, तर फौंड्रीच्या परिसरातील लोखंडाचे बारीक कण रंगात रुतलेले असण्याची शक्यता मोठी असते. ते शॅम्पूने निघत नाहीत आणि तसेच ठेवून पॉलिश केले, तर फडक्याखाली तेच कण रंगावर फिरतात. त्यासाठी आधी लोहकण विरघळवणारा फवारा आणि नंतर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी वापरावी. जोतिबाच्या डोंगरावरून गुलालाने माखून आलेली गाडी कोरड्या कपड्याने पुसण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. गुलाल आणि त्याखालची धूळ आधी भरपूर पाण्याच्या धारेने वाहून जाऊ द्यावी. ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांनाही हाच नियम लागू पडतो.

आता संरक्षणाच्या थराविषयी. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. गडद रंगावर त्याची ऊबदार चमक मला आजही सर्वांत देखणी वाटते. मात्र आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि त्यानंतरच्या पावसात ते दीड-दोन महिन्यांपलीकडे टिकेल, अशी आशा धरू नये. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट दिसायला थोडे थंड वाटते, पण चार ते सहा महिने काम देते. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारित असते आणि नीट लावले व निगा राखली, तर ते काही वर्षे टिकते. परंतु ते लावण्यापूर्वी रंग दोषरहित करावा लागतो, नाही तर खालचे ओरखडे वरच्या थरात बंदिस्त होतात. त्याच्या जाहिरातीतला 9एच हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, त्यावरून गाडीला दगड लागणार नाही असे समजू नये. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यापुढे हे कोटिंग टिकत नाही. त्यासाठी जाड पारदर्शक फिल्मच हवी आणि तिचा खर्च निराळा.

टेफ्लॉन कोटिंग या नावाने जे विकले जाते, त्याबद्दल माझे मत चांगले नाही. तव्यावर टेफ्लॉन पक्के बसवण्यासाठी 300 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान द्यावे लागते; रंगवलेल्या गाडीला एवढी उष्णता देणे अशक्य आहे. त्या बाटलीतून मिळणारी चमक मुख्यतः त्यातील मेण, सिलिकोन आणि पॉलिमरची असते, आणि ते घटक पुष्कळ कमी किमतीच्या बाटलीतही मिळतात. ‘पॉलिश आणि वॅक्स एकत्र’ असे लिहिलेली बाटली वाईट नसते, पण ती दोन्ही कामे अर्धवट करते, आणि दर दोन महिन्यांनी ती लावणारा माणूस दर दोन महिन्यांनी थोडे घासतही असतो. डिझेलच्या फडक्याने गाडी पुसणाऱ्यांविषयी काय लिहावे? तासाभराची चकाकी, मग त्यावर चिकटलेली धूळ, आणि रबरी पट्ट्यांचे नुकसान.

आमची गाडी गडद निळी असून झाडाखाली, उघड्यावर उभी राहते. तिच्यासाठी मी सीलंट निवडले. बॉनेटला आता पॉलिश नाही. दरवाजांना एकदाच, हाताने, सर्वांत बारीक पॉलिश लावले. त्यानंतर मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी सीलंटचा पहिला हात आणि खंडेनवमीच्या दोन दिवस आधी दुसरा, असा क्रम ठरवला. पत्रा थंड असताना, सकाळी सावलीत, एका वेळी एकच भाग घेऊन अगदी पातळ थर द्यायचा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचा. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, फक्त पुसताना दंड भरून येतात. पक्ष्यांची विष्ठा मात्र सीलंटवरही राहू देऊ नये, कारण तिच्यातील आम्ल उन्हात रंगावर डाग कोरते.

यंदा पूजेच्या वेळी बॉनेटमध्ये चेहरा पूर्वीइतका लख्ख दिसला नाही, हे मान्य करतो. वडिलांच्या ते लगेच लक्षात आले. त्यांना मायक्रॉनचे गणित समजावून सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर करून बॉनेटकडे पाहिले आणि हाराची तार मागितली. ती तारही रंगावर ओरखडे काढते, म्हणून या वेळी हार सुती दोऱ्याने बांधला.