मशीन एक, मागणारे दहा : लॅबच्या मशीन बुकिंगची आमची वाटचाल

आमची लॅब भोसरी एमआयडीसीत, एका भाड्याच्या गाळ्यात. सुरुवात साध्या टेस्टिंगने झाली, लोक सॅम्पल आणून द्यायचे आणि आम्ही रिपोर्ट द्यायचो. एका बंद पडलेल्या फार्मा युनिटचं सेकंड हँड एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) घेतलं होतं, ते अर्धा वेळ रिकामं असायचं. मग ओळखीतल्या एका छोट्या आयुर्वेदिक कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, आमचा केमिस्ट आहे, मेथड आमची आहे, फक्त मशीन नाही, तासावर द्याल का? दिलं. तिथून हा धंदा वळला. पुढे यूव्ही आणि एफटीआयआर (प्रकाशाने पदार्थ तपासणारी मशीन), जीसी (वायूरूपात घटक वेगळे करणारं) आणि फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवणारं) आला, आणि आता टेस्टिंगपेक्षा मशीन तासावर देण्यातूनच जास्त पैसे येतात.

पुण्यात याला गिऱ्हाईक भरपूर आहे हे सांगायला नको. पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा 1950 पासून आहे, तिथल्या आवारात नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर आहे, आयसर ही विज्ञान संस्था आहे, विद्यापीठ आहे, आणि या सगळ्यातून बाहेर पडून स्वतःचं काहीतरी सुरू करणारी पोरं आहेत ज्यांच्याकडे डोकं आहे पण जीसी घ्यायला पैसे नाहीत. सरकारनेही 2020 मध्ये आय-स्टेम पोर्टल आणलं, देशभरातल्या संस्थांमधली उपकरणं कुठे आहेत ते शोधून बुक करता यावं म्हणून. कल्पना चांगलीच आहे, पण आमच्याकडे येणाऱ्याला मशीन उद्या सकाळीच हवं असतं.

बुकिंग आधी रजिस्टरवर चालायचं. रजिस्टर आमच्या लॅबमधल्या मामांकडे, आणि मामांचा शब्द शेवटचा. मग गिऱ्हाइकं वाढली तसा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, आणि ग्रुपवर “मॅडम उद्या 11 ते 2 चालेल का” च्या खाली कुणाचं तरी गुड मॉर्निंग, त्याच्या खाली “मी आधी विचारलं होतं”, असा सगळा प्रकार. मग गुगल कॅलेंडर. ते बरेच दिवस नीट चाललं, आणि ज्यांच्याकडे दोन-तीन मशीन आहेत नि सगळे वापरणारे घरचेच आहेत त्यांनी त्याच्या पुढे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, फुकटचा खर्च.

आमचं अडलं ते गुप्ततेवर. शेअर्ड कॅलेंडरवर सगळ्यांना सगळं दिसतं. एका च्यवनप्राशवाल्याने नोंदीत प्रॉडक्टचं नाव आणि “स्टॅबिलिटी, 3 महिने” (माल किती टिकतो त्याची चाचणी) असं लिहिलं, आणि त्याच आठवड्यात त्याचा स्पर्धक आमच्याकडे जीसीवर बसलेला. कुणी भांडलं नाही, पण च्यवनप्राशवाल्यांचा फोन आला आणि आवाज थंड होता. आम्ही एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेसाठी आयएसओ 17025 हे लॅबचं मानक पाळतो, त्यात गिऱ्हाइकाच्या माहितीची गुप्तता हे वेगळं कलमच आहे, 4.2. म्हणजे कॅलेंडर बदलणं भागच होतं.

बुकिंग सॉफ्टवेअरचे डेमो बघायच्या आधी मी आणि आमच्या सीनियर केमिस्ट ताई एका शनिवारी बसलो आणि प्रत्येक मशीनचे नियम कागदावर लिहून काढले. सगळ्यात जास्त उपयोग त्याच कागदाचा झाला. कारण एचपीएलसीचा “एक तास” हा एक तास नसतोच. कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बदलला की मोबाइल फेज (सॅम्पल वाहून नेणारं द्रावण) सोडून बेसलाइन म्हणजे आलेखाची मूळ रेष स्थिर होईपर्यंत थांबायचं, डिटेक्टरचा दिवा गरम व्हायला अर्धा तास, आणि आधीच्या माणसाने फॉस्फेट बफर (क्षाराचं द्रावण) वापरला असेल तर आधी पाण्याने, मग मेथॅनॉलने धुतल्याशिवाय पुढच्याला द्यायचंच नाही, नाहीतर मीठ आत बसतं आणि पंपाचं प्रेशर चढतं. एफटीआयआरचं उलट, दोन मिनिटांत सॅम्पल होतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, यात सॅम्पल मिसळून गोळी करतात) हवेतला ओलावा ओढतं त्यामुळे गोळी करायलाच वेळ जातो, म्हणून पावसाळ्यात त्याचा स्लॉट मोठा ठेवायचा. फ्रीझ ड्रायर तर एकदा लावला की दोन दिवस कुणाचाच नाही. वरून गुरुवार. गुरुवारी एक तर महावितरणचं मेंटेनन्स नाहीतर पाणी बंद, आणि पाणी नाही तर डिस्टिल्ड वॉटर नाही, मग कुठला मोबाइल फेज नि कुठलं काय.

तो कागद समोर ठेवून डेमो बघितले. विकणारे लोक रंगीत डॅशबोर्ड दाखवायचे आणि आमच्या ताई एकच विचारायच्या, दोन बुकिंगच्या मधे धुण्याचा वेळ आपोआप धरता येतो का, आणि तो मशीनप्रमाणे वेगळा ठेवता येतो का. निम्म्या ठिकाणी तिथेच गप्प. एक परदेशी सॉफ्टवेअर खरोखर देखणं होतं पण दर मशीनमागे महिन्याला डॉलरमध्ये पैसे, त्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, 18 टक्के जीएसटी आपणच भरायचा (क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून जातात), आणि आरबीआयच्या नियमामुळे 15,000 रुपयांच्या वरचं, कार्डातून दर महिन्याला आपोआप जाणारं पेमेंट ओटीपीशिवाय जात नाही. म्हणजे मी गावाला असलो आणि ओटीपी चुकला तर बुकिंग बंद. शिवाय त्यांच्याकडे युरोपातलं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे सरकलं की आमचा (ग्रिनिच वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे) हिशोब काही ठिकाणी बिघडायचा, सकाळी 9 चं बुकिंग मेलमध्ये 10 ला दिसायचं. सपोर्टला मेल टाकला तर त्यांच्याकडे रात्र.

मोठ्या संस्थांसाठी वेगळीच दुनिया आहे. आयलॅब नावाचं एक आहे, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कोअर फॅसिलिटींमध्ये (सगळ्यांसाठी असलेल्या मध्यवर्ती लॅबमध्ये) चालतं, 2016 ला अॅजिलेंट या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने ती कंपनी घेतली. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने स्वतःच्या नॅनोफॅबसाठी (अतिसूक्ष्म वस्तू बनवण्याची लॅब) नेमो नावाचं बनवलंय आणि ते सगळ्यांना खुलं आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली, मशीनला इंटरलॉक जोडता येतो, म्हणजे ज्याचं ट्रेनिंग झालंय आणि ज्याने लॉगिन केलंय त्याच्यासाठीच मशीन चालू होतं. पण आमच्या दारात मामा आहेत, ते इंटरलॉकपेक्षा कडक आहेत.

शेवटी घेतलं ते लिब्रेबुकिंग. पूर्वी बुक्ड म्हणून एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर होतं, त्याच्याही आधी त्याचं नाव पीएचपी-शेड्यूल-इट होतं. बुक्डची पुढची आवृत्ती खुली येणं थांबल्यावर लोकांनी जुना कोड घेऊन पुढे चालवला, तेच हे. दिसायला साधं आहे. पण प्रत्येक मशीनला वेगळा बफर टाइम (दोन बुकिंगच्या मधला धुण्याचा वेळ), कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वेळ, कुणाला कुठल्या मशीनची परवानगी, गुरुवार ब्लॉक करणं, हे सगळं आहे, आणि एक सेटिंग केलं की दुसऱ्याचं नाव आणि नोंद दिसत नाही, फक्त भरलेला स्लॉट दिसतो. माझ्या भाच्याने एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवून दिलं, रोजचा बॅकअप आमच्या ऑफिसच्या हार्ड डिस्कवर येतो. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी भाचा फुकट नाही, त्याला ठरवून महिन्याला पैसे देतो, आणि ज्यांच्याकडे असा कुणी हाताशी नाही त्यांनी गपचूप पैसे भरून तयार सर्व्हिस घ्यावी.

खरी मजा चेक-इनवर झाली. ठरलेल्या वेळेत येऊन चेक-इन केलं नाही तर स्लॉट आपोआप सुटतो. डेमोत सगळे 15 मिनिटं सांगत होते. पिरंगुटहून भोसरीला येणाऱ्या माणसाला चांदणी चौक आणि नाशिक फाटा ओलांडून यायचंय, त्याला 15 मिनिटांची सूट म्हणजे चेष्टाच. आम्ही 45 ठेवली. त्यावर भोसरीतलेच काही जण चिडले, आम्ही चालत येतो मग आम्ही का थांबायचं? त्यांचं म्हणणं चूक नाही, म्हणून त्यांना वेटिंग लिस्टमध्ये टाकतो आणि मामा आधी फोन करतात.

मामांचं सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं ते हे वापरणार नाहीत. त्यांनी टॅबलेटवर चेक-इन करायला शिकून घेतलं पण रजिस्टर सोडलं नाही, आणि ताईंनीही सोडू दिलं नाही, कारण बुकिंग आणि प्रत्यक्ष वापर या दोन गोष्टी आहेत. कोण बसलं, कुठला कॉलम, किती इंजेक्शन (मशीनमध्ये सॅम्पल किती वेळा सोडलं), शेवटी धुतलं का, हे ऑडिटला मशीनच्या लॉगबुकातच बघतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये काही बदललं की तेही लिहून, सही घेऊन, तपासूनच चालू करायचं, आयएसओ 17025 चं कलम 7.11 तेच सांगतं, त्यामुळे भाच्याला रात्री परस्पर काही अपडेट करायची बंदी आहे.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडला तो वापराचा रिपोर्ट. मी कायम म्हणायचो की दुसरं एचपीएलसी घ्यायला हवं. रिपोर्ट काढला तर गर्दी सगळी 11 ते 4, सकाळ आणि रात्र मोकळी. ऑटोसॅम्पलर (सॅम्पल आपोआप आत सोडणारा भाग) आहेच, संध्याकाळी लावून रात्रभर सीक्वेन्स, म्हणजे ओळीने लावलेली सॅम्पलं, चालू शकतो, मग रात्रीचा दर कमी केला आणि दोन कंपन्या लगेच तिकडे सरकल्या. दुसऱ्या एचपीएलसीचं कोटेशन मागवलेलं होतं ते तसंच पडलंय, त्याऐवजी आता यूपीएस मोठा घेतोय, कारण रात्री लाईट गेली तर सीक्वेन्स मधेच थांबतो आणि सकाळी फोन मलाच येतो.