गॅसबत्ती क्र. 3: धाप लागणारा जनरेटर

सध्या कामाला घेतलेली बत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स या रॉकेलच्या दाबबत्तीची, 500 मेणबत्त्यांइतक्या उजेडाच्या मापाची देशी नक्कल. टाकी पितळी, वरून निकेल, त्यातलं निम्मं उडालेलं. नागपूरच्या इतवारीतल्या मोडीच्या बाजारात असा माल अजून हाती लागतो. घेताना दोन गोष्टी नीट बघाव्यात: टाकीच्या बुडाला जुना झाळकामाचा डाग आहे का, आणि जनरेटर, म्हणजे रॉकेलची वाफ करणारी नळी, जिथे टाकीत बसतो तिथले आटे शाबूत आहेत का. काच, टोपी, पंपाचा दांडा, निपल (वाफ सोडणारं बारीक भोकाचं टोक) हे सगळं बदलता येतं. गेलेले आटे मात्र परत येत नाहीत, आणि दाबाच्या टाकीवर तिथे लाख-एम-सील लावून वेळ मारून नेणं सरळ धोक्याचं आहे.

मागच्या नोंदीपर्यंत बत्ती पेटत होती, पण धापा टाकत होती. उजेड दर दोन-तीन सेकंदांनी चढायचा, पडायचा, मधेच पिवळी जीभ यायची आणि मेंटलवर (उजेड देणाऱ्या जाळीवर) काजळीचा डाग पडायचा. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा निपलकडे जातो. निपल नवं टाकलं तरी धाप तशीच राहिली.

कारण समजायला रॉकेलची वाट डोळ्यासमोर हवी. टाकीतली हवा रॉकेलला खालून वर ढकलते. जनरेटरच्या नळीत, मेंटलशेजारच्या वेटोळ्यात त्याची वाफ होते. ती निपलच्या भोकातून जोरात सुटते, सुटताना भोवतालची हवा ओढून घेते, वाकड्या मिक्सिंग नळीतून फिरून चिनी मातीच्या नोजलमधून खाली मेंटलमध्ये उतरते. म्हणजे आत्ताचा उजेडच पुढच्या थेंबाची वाफ करतो. वेटोळ्यात कोळशाचा थर असला की आच आतपर्यंत पोचत नाही आणि वाटही अरुंद होते. अर्धवट वाफ, अर्धवट रॉकेल असं वर जातं, मेंटल थंडावतं, मग वाफ आणखी कमी. थोड्या वेळात दाब पुन्हा जोर करतो आणि चक्र पहिल्यापासून सुरू. रॉकेलमध्ये पाणी असलं तरी असंच होतं, म्हणून आधी टाकी रिकामी करून काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवून तळ बघितला. पाणी नव्हतं.

जनरेटर काढला. टाकीतली हवा पूर्ण सोडून, बत्ती गार असताना, बुडाच्या नटाला नेमक्या मापाचा पान्हा लावून. पकड वापरली की पितळी नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तो हलत नाही. आतला दांडा आणि त्याच्या टोकाची, निपलचं भोक साफ करणारी पिन आधी बाहेर काढून ठेवली. मग नळी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली. पितळ आणि कोळसा वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे थर सुटतो. तीन वेळा असं केल्यावर दुचाकीच्या क्लच वायरमधली एकच तार सोडवून, टोक कानशीनं गोल करून, वेटोळ्यातून फिरवली. सरळ ब्रश त्या वळणातून जातच नाही. बाहेर आलेला माल बारीक काळ्या टिकल्यांसारखा होता, पांढऱ्या कागदावर झटकला तर चहाच्या चमच्याचा चतकोर भरला. शेवटी व्हिनेगरमध्ये रात्रभर, मग साध्या पाण्यानं खळखळून, आणि उन्हात पूर्ण कोरडा. आत पाण्याचा थेंब राहिला तर पहिल्या पेटवणीत तो थुंकतो आणि वाटतं की मेहनत वाया गेली.

जोडताना नटाखालचं शिशाचं वॉशर नवं टाकायचं, जुनं उलटं करून नाही. शिसं एकदा दबलं की दुसऱ्यांदा बसत नाही. पिन दांड्यावर बोटानंच लावायची, अगदी हलक्या हातानं. रॉकेल उघड-बंद करायच्या बाहेरच्या चाकाची खूण वर असली की पिन निपलमधून मिलिमीटरभर बाहेर डोकावते आणि खालचा व्हॉल्व्ह बंद असतो, खूण खाली आणली की पिन आत जाते आणि रॉकेल वाहतं. पिन तिरकी असताना चाक जोरानं फिरवलं की निपलचं भोक लंबगोल होतं. मग वाफेची धार वाकडी जाते, मिक्सिंग नळीच्या तोंडात मधोमध शिरत नाही, आणि कितीही साफसफाई केली तरी एका बाजूनं काजळी येतेच. असं निपल सरळ फेकून द्यावं.

आता या नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. निपलचं टोक आणि मिक्सिंग नळीचं तोंड यांच्यातलं अंतर या मापाच्या बत्तीत 14 ते 16 मिमी हवं. आमच्या बत्तीत ते 11 भरलं. कुणीतरी आधी मिक्सिंग नळी खाली सरकवून स्क्रू आवळला होता. अंतर कमी म्हणजे वाफेला हवा ओढायला जागा कमी, म्हणजे मिश्रण जड आणि मेंटल काळं. जास्त झालं तर हवा वाढते, उजेड निळसर-फिका पडतो आणि बत्ती घोंघावते. 15 मिमी उंचीचा लाकडाचा ठोकळा कापून तो मधे धरून स्क्रू आवळला. पट्टीनं डोळ्याचा अंदाज चुकतो, ठोकळ्यानं चुकत नाही. पहिल्या पेटवणीत मेंटल पूर्ण पांढरं झालं, काठालाही पिवळेपणा नाही. अर्धी धाप कोळशामुळे होती आणि अर्धी या 4 मिमीमुळे, असं आता खात्रीनं म्हणता येतं, कारण नुसता जनरेटर साफ करून मधे एकदा पेटवून पाहिली होती, तेव्हा धाप कमी झाली होती पण काजळी राहिली होती.

चिनी मातीचं नोजल हातानं आवळून मग अर्धा आटा मागे घ्यायचं. पितळ तापल्यावर मातीपेक्षा जास्त फुगतं, गार होताना आकसतं, आणि गच्च आवळलेलं नोजल तडकतं किंवा कायमचं अडकतं.

पंपाचं काम सोपं, पण चुका ठरलेल्या. चामडी वाटीचं तोंड खाली, टाकीकडे. तिला शिलाई मशीनचं तेल किंवा एरंडेल पुरतं. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं म्हणून ते लावलं जातं, ते अजिबात नको: जवस हवेत वाळून वार्निशासारखं घट्ट होतं, रंगात ते घालतात ते त्याच गुणासाठी. पंपाच्या बुडाच्या व्हॉल्व्हमधली टिकली नायट्रिल रबराची असावी. सायकलच्या ट्यूबचा गोल कापून घातलेला दिसतो, तो रॉकेलमध्ये फुगतो आणि आठवड्यात गळायला लागतो. टिकली गळतेय हे ओळखायची खूण: हवा भरून दांडा सोडला की तो आपोआप वर उचलला जातो.

टाकीची परीक्षा रॉकेल न घालता, नुसत्या हवेवर घेतली. 2 बार दाब भरून सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. पंपाच्या गळ्याशी एक बुडबुडा हळूहळू मोठा होत होता, तिथलं वॉशर बदलल्यावर थांबला. मग रात्रभर ठेवली. संध्याकाळी 42 अंशांत 2 बार, पहाटे 30 अंशांत 1.9. यात गळती शोधत बसू नका. हवा 12 अंशांनी गार झाली की बंद टाकीत दाब साधारण 0.1 बारनं उतरतोच. नागपुरात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक एवढा असतो की तापमान न लिहिता घेतलेली दाबाची नोंद निरुपयोगी आहे.

उन्हाळ्याचीच आणखी एक बाब, आणि ही प्रत्येकानं मनावर घ्यावी. रॉकेलची पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते, ते भारतीय मानकानुसार किमान 35 अंश असावं लागतं. नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) आपल्या घराच्या सावलीतलं तापमान त्याच्या वर असतं. म्हणजे डिसेंबरात जे रॉकेल सांडलं तरी काडीनं सहज पेटत नाही, तेच मेअखेर दुपारी झटकन पेटू शकतं. भरणं आणि पेटवणं रात्री उशिरा किंवा पहाटे, गच्चीवर, जवळ वाळूची बादली. टाकी तीन-चतुर्थांशच भरायची. पेट्रोल एक थेंबही नाही, मिसळूनही नाही.

पेटवताना चाकाची खूण वर, थोडी हवा, मग जनरेटर तापवायच्या वाटीत स्पिरिट. ही वाटी दीडेक मिनिट जळते. मे महिन्यात एक वाटी भरपूर होते, थंडीत पारा 10 च्या आसपास असेल तर दुसरी लागते. दुसरी घालायची तर पहिली ज्योत पूर्ण विझून वाटी निवाल्यावरच, कारण जळत्या वाटीवर बाटली धरली की ज्योत बाटलीत चढते. स्पिरिट संपत आलं की चाक खाली. घाई करून आधीच उघडलं तर कच्चं रॉकेल वर जातं आणि भडका होतो. झालाच तर फुंकू नका, तोंड बाजूला ठेवून टाकीतली हवा सोडायचा स्क्रू उघडा, दाब गेला की भडका बसतो.

मेंटल बांधताना चुण्या सगळीकडे सारख्या पसरायच्या, वेटोळ्याला ते टेकू द्यायचं नाही. जुन्या साठ्यातली मेंटल्स थोरियमची असतात आणि ती किंचित किरणोत्सारी असतात, म्हणून फुटलेल्या मेंटलची राख ओल्या फडक्यानं टिपायची, झाडूनं उडवायची नाही.

आजची स्थिती: 2 बारवर सलग 3 तास, उजेड स्थिर, मधे दोनदा पंप. चाकाच्या दांड्याशी, ग्लँड नटापाशी (दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या नटापाशी), रॉकेलचा ओलसर वास येतो. आतला ग्राफाइटचा दोर दबून कडक झालेला आहे. पुढच्या नोंदीत तो बदलायचा, दोन वेढे, नट हातानं, आणि तापल्यावर पाव आटा.