तळहातावर लिहिलेली वेळ

आज परळला केईएममध्ये स्वयंसेवक म्हणून पहिला दिवस. १९२६ सालचं हॉस्पिटल, तिथली सकाळची ओपीडी म्हणजे दादरचा पूलच. माझं काम अगदी साधं होतं, केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे द्यायचं, एक्सरे कुठे, एवढंच सांगायचं. पहिला अर्धा तास मीच चुकत होते. शेवटी एका वॉर्डबॉय दादांनी वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून दिला.

रक्त देऊन आलेल्या एक आजी बाकावर बसल्या होत्या. साताऱ्याकडच्या, लेकाकडे आलेल्या. उपाशीपोटीची शुगर झाली होती, आता जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. पिशवीत भाकरी होती, पण हात लावत नव्हत्या.

"आजी, खाऊन घ्या ना."

"खाईन गं पोरी, पण दोन तास झाले हे मला कसं कळायचं? घड्याळ कुठंय माझ्याकडं?"

आम्ही 'दोन तासांनी या' किती सहज म्हणतो!

मग बॉलपेनने त्यांच्या तळहातावर ११:४० लिहिलं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरी खाल्ली त्यांनी. मलाही चतकोर दिली, नको म्हटलं तर रागावल्या.

नंतर गर्दीत मी विसरूनच गेले. बरोबर ११:३५ ला मागून कुणीतरी ओढणी ओढली. आजी मूठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

"पाणी प्याले, पण डाव्या हातानं. पुसलं नाही ना गं?"