चैत्रातला मेपल

गच्चीवर जपानी मेपल आहेत म्हटलं की पुणेकर माणूस "जगतात का?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता "नाही जगायचे" हेही सांगून टाकतो.

जगतात हो, पण लाड फार. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की दुपारचा कोरडा वारा पानांच्या कडा करपवतो. म्हणून फक्त सकाळचं कोवळं ऊन, पुढे दिवसभर हिरवी नेट. कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही आणि माती वाळूही द्यायची नाही. बोअरचं क्षाराचं पाणी तर शक्यतो नकोच.

खरा नाद वाणांचा. 'एसर पामेटम' ही एकच प्रजाती, पण तिचे नाव मिळालेले वाण हजाराच्या वर! जपानमध्ये एदो काळापासून लोक ते निवडत, जपत आलेत. 'ब्लडगुड'ची पानं गडद जांभळट लाल. 'डिसेक्टम' गटातली इतकी बारीक कातरलेली, की पान कुठे संपतं ते कळत नाही. 'सांगो-काकू'ची पानं गळली की पोवळ्याच्या रंगाच्या फांद्या दिसतात. (आमच्याकडे तिला नुसतं 'काकू'च म्हणतात.) बी पेरून यातलं काही हमखास हाती लागत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच हे. वाण हवा तर कलमच आणायचं.

फोटोतली ती शरदातली लाली मात्र पुण्यात विसरा. हरितद्रव्य ओसरत असताना दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा मिळाला, तर पानात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य भरपूर तयार होतं. आपला शरद म्हणजे ऑक्टोबर हीट! थंडी येते डिसेंबर-जानेवारीत, तीही रात्रीपुरती. दुपारी स्वेटर कमरेला बांधलेला. आपल्या देशी बदामाला मात्र हे नखरे नाहीत. तो गळण्याआधी पानं खुशाल लाल करतो. त्याचे फोटो कोणी काढत नाही, पानं झाडावी लागतात म्हणून शिव्या तेवढ्या घालतात.

म्हणून मी आता पालवी बघून वाण निवडतो. 'देशोजो' आणि 'शिन-देशोजो' यांची कोवळी पानंच लालभडक असतात, पुढे ती हिरवी होतात. बोन्सायवाल्यांचे हे वाण फार लाडके. आणि लाल पालवी आपल्याला काय नवीन? मार्चच्या सुमारास सह्याद्रीत कुसुम पेटल्यासारखा लाल होतो, रस्त्याकडेच्या पिंपळाला तांबूस पानं फुटतात, आंब्याचीही कोवळी पानं तांबूसच. बदामासारखे अपवाद सोडले, तर आपल्याकडे झाडं जुनं टाकताना नाही, नवं नेसताना रंगतात. जपानी झाडाला इथे आणून जपानचा ऋतू मागण्यापेक्षा आपल्या चैत्रात बसेल असं झाड मागावं, हे मला जास्त पटतं.

सध्या 'कात्सुरा'वर डोळा आहे. त्याची पालवी पिवळी-केशरी. पूर्वेच्या कठड्याशी एका कुंडीपुरती जागा उरलीये, पण तिथे घरच्यांनी कढीपत्त्यासाठी आधीच रुमाल टाकून ठेवलाय.